विषमतेच्या कारणांचा तक्ता

सिंचन खात्यातून उपयंत्री म्हणून निवृत्त झालेल्या नंदकिशोर बहेकार यांना चौतीस वर्षांच्या सेवेत एकदाही ‘कारणे दाखवा’ नोटीस मिळाली नव्हती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक होती, कारण ती त्यांनीच प्रत्येकाला सांगितलेली होती. म्हणून निवृत्तीनंतर नवव्या वर्षी, आणि तीही समाजातील आर्थिक विषमतेच्या कारणांचा शोध घेतल्याबद्दल, ती नोटीस अगदी उंबरठ्यापर्यंत येऊन उभी राहिली, तेव्हा गावाला हळहळ कमी आणि कुतूहल अधिक वाटले.

प्रकरणाचा आरंभ मराठी मित्र मंडळाच्या मासिक बैठकीत झाला. गरीब गरीब का राहतो आणि श्रीमंत श्रीमंत का होतो, यावर चर्चा चालू होती. बहेकार साहेबांनी आपले ठाम मत मांडले की, कारण एकच, मेहनत. खेड्यातला मुलगा तंत्रनिकेतनात जातो, पदविका घेतो, घर बांधतो, हे मेहनतीवाचून घडत नाही. तेव्हा समोर बसलेले शेजारी धर्मेंद्रभाऊ, ज्यांची सिमेंटची एजन्सी आहे, कचोरीचा तुकडा मोडत सहज म्हणाले, “अहो साहेब, तुमचं काय! सरकारी नोकरी लागली, नसीब खुललं. त्यात मेहनत कुठून आली?”

सगळे हसले. बहेकार साहेब हसले नाहीत. ज्या माणसाला ती एजन्सी सासऱ्याकडून लग्नातल्या कपाटाबरोबर मिळाली, त्याने आपल्याला नशीबवान म्हणावे, हे त्यांच्या फार जिव्हारी लागले. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले की पुढील बैठकीत, म्हणजे महिनाअखेरच्या रविवारी, ते या विषयावर व्याख्यान देतील आणि मेहनत हेच कारण असल्याचे आकडेवारीनिशी सिद्ध करतील.

आकडेवारीसाठी पाहणी हवी आणि पाहणीसाठी प्रपत्र हवे. खात्यात असे मानले जाई की जी गोष्ट विहित नमुन्यात नाही ती अस्तित्वातच नाही, मग तो कालवा असो की कालव्याला पडलेले भगदाड. साहेबांनी तीन दिवस बसून अकरा रकान्यांचे प्रपत्र तयार केले. गावाची सोय म्हणून मजकूर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत ठेवला. घराचा प्रकार, खोल्या, वाहन, शिक्षण इत्यादी माहितीनंतर दहावा रकाना मुख्य होता: ‘आपल्या आर्थिक स्थितीचे कारण’. त्यात पाच पर्याय होते: मेहनत, नशीब, शिक्षण, वाडवडिलांची मिळकत, ओळखपाळख. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई, ज्या सव्वीस वर्षे शाळेत प्रश्नपत्रिका काढत होत्या, कागद वाचून म्हणाल्या, “सहावा पर्याय ‘इतर’ ठेवा. लोकांना तुमच्याशिवायही काही सुचत असेल.” साहेबांनी तो ठेवला, पण त्यापुढे जागा फक्त एका ओळीची ठेवली.

इथपर्यंत सारे ठीक होते. परंतु सवय ही मोठी दगाबाज वस्तू आहे. चौतीस वर्षांच्या सवयीने साहेबांनी माहिती देणाऱ्यास ‘आवेदक’ म्हटले, तळाशी ‘माहिती असत्य आढळल्यास आवेदक स्वतः जबाबदार राहील’ अशी टीप घातली, शिक्क्यासाठी चौकोन आखला आणि कागदाच्या खालच्या भागाला फाडून देण्याजोगी, अनुक्रमांक असलेली पावती जोडली. कोणाचाही कागद पावतीविना स्वीकारणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. शिक्का त्यांचा स्वतःचा होता. त्यावरील ‘सेवानिवृत्त’ हा शब्द झिजून गेला होता, ‘उपयंत्री’ मात्र ठसठशीत उमटत होते.

पहिल्या दिवशी वसाहतीतील चौदा घरे झाली आणि निकाल अपेक्षेहून उत्तम आला. चौदापैकी चौदा कुटुंबप्रमुखांनी ‘मेहनत’ लिहिले. धर्मेंद्रभाऊंनी तर ते वळणदार अक्षरात लिहून खाली दोन रेघा ओढल्या. साहेबांनी केवळ जिज्ञासेपोटी प्रत्येकाला शेजाऱ्याच्या भरभराटीचे कारण विचारले होते. त्याची उत्तरे ‘वशिला’, ‘सासरा’ आणि एका ठिकाणी नुसते सूचक हसू अशी आली. परंतु त्यासाठी प्रपत्रात रकाना नव्हता, म्हणून ती नोंदवली गेली नाहीत.

घरी परतल्यावर त्यांनी स्वयंपाकाला येणाऱ्या चंपाबाईंना समोर बसवले.

“चंपाबाई, तुमच्या परिस्थितीचे कारण यांतले कोणते?”

“कोनतं लिवलं त पास होते?”

“यात पास-नापास काही नाही.”

“मंग कागद कायले भरून राह्यले साहेब?”

साहेबांनी पर्याय पुन्हा वाचून दाखवले. चंपाबाईंनी पोळी उलटत विचार केला. “मेहनत लिवा. चार वाजता उठतो मी, पाच घरचं करतो. माह्यापरीस जास्त मेहनत तुमच्या या लाईनीत कोन करते, सांगा बरं.”

साहेबांनी ‘मेहनत’ लिहिले खरे, पण त्यांची लेखणी थबकली. धर्मेंद्रभाऊंच्या दुमजली घराचे कारण मेहनत आणि चंपाबाईंच्या एका खोलीचे कारणही मेहनत. एकाच कारणातून दोन विरुद्ध परिणाम निघू लागले की मोजमापात चूक असते, असे तंत्रनिकेतनात पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यांनी शेऱ्यात ‘फेरतपासणी आवश्यक’ असे लिहिले, शिक्का मारला आणि पावती फाडून दिली.

चंपाबाईंनी ती पावती दोनदा घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. आपल्याकडे कागद देणारे पुष्कळ, पण शिक्क्याची आणि नंबराची पावती देणारा एखादाच. ज्याच्या हाती पावती, त्याचे पुढे काहीतरी होते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. संध्याकाळपर्यंत चंपाबाईंच्या गल्लीतल्या अकरा बाया फाटकाशी उभ्या होत्या.

साहेबांना प्रथम आनंदच झाला. नमुना जितका मोठा तितका निष्कर्ष पक्का. त्यांनी अकरा प्रपत्रे भरून घेतली, अकरा पावत्या दिल्या आणि आणखी प्रती काढण्यासाठी रवीच्या फोटोकॉपीच्या दुकानी निरोप पाठवला. रवीकडे प्रपत्राची मूळ प्रत होतीच. तिसऱ्या दिवशी साहेब दुकानावरून गेले तेव्हा दारात पुठ्ठ्याची पाटी टांगलेली होती: ‘नई योजना का फॉर्म यहाँ मिलेगा। भरकर भी दिया जाएगा।’

“रवी, ही कसली योजना?”

“अंकल, वो तो आपको मालूम होगा। पब्लिक माँग रही है, मैं दे रहा हूँ।”

“मी कोणतीही योजना काढलेली नाही!”

“वही तो,” रवी आवाज उतरवून म्हणाला, “अभी घोषणा नहीं हुई है ना। मैं किसी को नहीं बोलूँगा।”

चौथ्या दिवशी सकाळी फाटकापासून वडाच्या पारापर्यंत रांग लागली. परसवाड्याचे लोक आले, लामत्याचे आले. राजेगावाहून एका बसवाहकाने चाळीस भरलेल्या प्रपत्रांचा गठ्ठाच आणून दिला आणि चाळीस पावत्या मोजून नेल्या. रांगेत विषमतेच्या कारणांवर अशी सखोल चर्चा चालली होती की मंडळाच्या बैठकीने मान खाली घालावी. सकाळी बातमी होती की ‘नशीब’ लिहिणाऱ्याचे मंजूर होते, कारण सरकारला दया येते. दुपारी लामत्याची काही मंडळी म्हणाली, नाही, ‘शिक्षण’ लिहा, म्हणजे मुलांची फी मिळेल. चारच्या सुमारास कोणीतरी पक्की खबर आणली की ‘मेहनत’ लिहिणाऱ्यांचे सरसकट नामंजूर, मेहनत करतोच आहेस तर तुला मदत कशाला? त्याबरोबर रांगेत खोडरबराची मागणी वाढली.

अंधार पडताना धर्मेंद्रभाऊ मागच्या दाराने आले.

“साहेब, माझा तो कागद जरा द्या. एक दुरुस्ती करायची आहे.”

“कोणती?”

“तिथं मेहनत लिहिलं गेलं. घाईत होतो. ते नसीब करून टाका. आणि खोल्या सहा नाही हो, तीनच धरा, वरच्या तीन रिकाम्याच राहतात. गाडी आहे, पण ती सासऱ्याच्या नावानं आहे.”

“धर्मेंद्रभाऊ, तुम्ही त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.”

“तर त्या रेघा नसीबाखाली घ्या ना साहेब! शेजारी असून एवढं होत नाही तुमच्याच्यानं?”

साहेबांनी नकार दिला. धर्मेंद्रभाऊंनी मनाला लावून घेतले नाही. दुसऱ्या दिवशी रांगेसाठी स्वतःच्या एजन्सीच्या नावाची मोठी छत्री पाठवली आणि टोकन पद्धत सुरू करण्याचा सल्ला दिला. छत्रीमुळे तर शंकेला जागाच उरली नाही. खरी सरकारी शिबिरे अशाच छत्र्यांखाली भरतात.

मग साहेबांनी फाटकावर सूचना लावली: ‘ही कोणतीही शासकीय योजना नाही. येथे काहीही मिळणार नाही.’ सूचना वाचून रांग दुप्पट झाली. एक वृद्ध गृहस्थ नातवाला समजावत होते, “आधी असंच लिवतेत. कमजोर लोक वापस जातेत, मंग उरलेल्याले भेटते.”

निरुपायाने साहेब एका कार्यालयात गेले. त्या कार्यालयाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. अशी कोणतीही योजना नसल्याबद्दलचे निवेदन त्यांनी आवकच्या खिडकीत दिले. लिपिकाने ते उलटसुलट पाहिले. “सर, ये कौन सी शाखा में चढ़ाऊँ?”

“ज्या शाखेची ही योजना असती त्या शाखेत.”

“योजना तो है नहीं।”

“नाही.”

“जो योजना है ही नहीं, उसकी शाखा कैसे होगी?” लिपिकाने निवेदन सौजन्याने परत केले. साहेबांना राग आला नाही. लिपिकाच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केले असते, आणि हेच त्यांना अधिक खुपले.

परंतु बातमी वरपर्यंत गेली होती. गुरुवारी साहेबांना आत बोलावणे आले. टेबलापलीकडचा अधिकारी त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. त्याच्यासमोर चंपाबाईंच्या गल्लीतली एक पावती पडली होती.

“ये सील आपकी है?”

“माझी आहे. यात ‘सेवानिवृत्त’ असे लिहिलेले होते. झिजले आहे.”

“कितनी रसीदें बाँटी हैं?”

“तीनशे छप्पन्न. नोंदवही ठेवली आहे.”

नोंदवही पाहून अधिकारी क्षणभर प्रभावित झाला. इतकी नीटनेटकी नोंदवही त्या कार्यालयात फार दिवसांत आली नव्हती. मग तो म्हणाला, “अंकल, आपकी उमर देखकर बोल रहा हूँ। सोमवार सुबह तक तीन सौ छप्पन रसीदें मेरी टेबल पर चाहिए। एक भी कम हुई तो मुझे नोटिस देना पड़ेगा। लोग कल को इसी पर्ची पर दावा करेंगे।”

साहेब नोंदवही बगलेत धरून बाहेर आले. चौतीस वर्षे! धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपले तेव्हाही ज्यांच्याकडे बोट गेले नाही, त्यांच्याकडे आज एका चिठ्ठीपायी बोट जाणार होते.

पावती देणे सोपे असते, ती परत घेणे किती कठीण याचा अनुभव त्यांना शुक्रवारी आणि शनिवारी आला. भाड्याची रिक्षा करून ते वस्त्या-वस्त्यांत फिरले. लोकांनी चहा दिला, खुर्ची दिली, पावती दिली नाही. परसवाड्याच्या शांताबाईंनी तर सरळ सवाल केला, “पावती तुमाले देली, मंग माह्यापाशी काय राह्यलं?”

“योजनाच नाही हो बाई.”

“नाई ना? मंग कागदाले एवढे काहून घाबरता?”

यावर तोड काढली ती प्रमोदिनीबाईंनी. पावती परत केल्याची पावती द्यावी. साहेबांनी नवा नमुना तयार केला, त्यावर मात्र ‘सेवानिवृत्त’ हाताने, लाल शाईत लिहिले. ही तोड विलक्षण लागू पडली. लोकांनी पांढरी पावती देऊन पिवळी घेतली आणि पुष्कळांना पिवळी अधिक वजनदार वाटली. शनिवारी दुपारपर्यंत, अधिकाऱ्याकडची एक धरून, तीनशे पंचावन्न पावत्या जमा झाल्या. एक राहिली, क्रमांक दोनशे अकरा. राजेगावच्या गठ्ठ्यातली.

साहेबांनी ते प्रपत्र शोधून काढले. बसवाहकाच्या गडबडीत त्यांनी ते वाचलेच नव्हते. आवेदकाचे नाव: महागू बहेकार. त्यांचा सख्खा थोरला भाऊ. घर: कौलारू, अर्धे पक्के. वाहन: सायकल. दहाव्या रकान्यात पाचही पर्याय कोरे होते. ‘इतर’पुढच्या एका ओळीत मजबूत, मोकळ्या अक्षरात लिहिले होते: ‘लहान भाऊ कॉलेजात गेला.’

साहेबांनी ती ओळ तीन वेळा वाचली आणि राजेगावची बस धरली.

महागू अंगणात बसून दोरी वळत होता. धाकट्याला पाहून त्याने शेवंताबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, चहा ठेवायला सांगितले.

“काय गा नंदू, लई दिवसानं! योजना घेऊनच आला का?”

“दादा, ती योजना नाही. ते प्रपत्र माझे आहे. मंडळात उद्या माझे व्याख्यान आहे, त्यासाठीची पाहणी होती.”

“हौ? मले वाटलं गावातल्या दुकानात सारेच भरून राह्यले, त आपन बी भरू. फुकटचं सोडाचं कायले?” तो हसला. “मंग तुह्या भासनात काय सांगतं तू?”

“सांगणार की मेहनत हे कारण आहे.”

“अन् माह्या कागदात काय लिवलं ते वाचलं?”

“वाचले. ते बरोबर नाही दादा. मी रात्र रात्र जागून अभ्यास केला. वसतिगृहात दोन वर्षे एक वेळ जेवलो.”

“मी कुठं म्हनतो का तू मेहनत नाई केली? तू केली, म्या बी केली. इथं धा एकर धानाच्या बांधीत दोन मानसाचं काम एकट्यानं वोढलं.” महागूने दोरीला पीळ दिला. “तुही मेहनत पक्क्या घरात गेली, माही मेहनत बी तिकडंच गेली. फरक एवढाच.”

शेवंताबाई आतून म्हणाल्या, “भाऊजी, चहा घ्या. ह्यायचं काई मनावर घेऊ नका, कागद दिसला का ह्यायले लिवाची लहर येते.”

साहेबांनी चहा घेतला आणि ते मुद्द्यावर आले. पावती हवी, नाहीतर सोमवारी नोटीस. महागूने छपरातल्या बांबूच्या नळीतून पावती काढली, पाहिली आणि पुन्हा आत सरकवली.

“देतो ना. पन एक काम कर. उद्या तुह्या भासनात माहा कागद बी वाच. समद्यांचे वाचतं, त मोठ्या भावाचा काहून सोडतं? मी येतो आयकाले. वाचला का लगेच देतो.”

“आणि नाही वाचला तर?”

“त मंग ठेवतो. आपली पावती हाय बावा, नंबरवाली.”

परतीच्या बसमध्ये बहेकार साहेबांनी दोन्ही बाजू नेहमीच्या पद्धतीने मांडून पाहिल्या. एका बाजूला नोटीस होती. दुसऱ्या बाजूला ज्या माणसाने कचोरी खाता खाता त्यांच्या आयुष्याला नशीब म्हटले, त्याच्यासमोर स्वतःचा सिद्धांत स्वतःच्या तोंडाने बुडवणे होते. पर्याय असाही होता की अफवेनंतरची सर्व प्रपत्रे दूषित म्हणून रद्द करावीत. तांत्रिक दृष्ट्या तो निर्दोष होता. चंपाबाईंचे फेरतपासणीत होते, म्हणून उरली असती पहिली चौदा, शंभर टक्के मेहनत. घरी आल्यावर त्यांनी तसा तक्ता रंगवलाही.

रविवारी मंडळाचे सभागृह भरले. एरवी पंधरा श्रोते येत, त्या दिवशी शंभरावर होते, कारण व्याख्यानात लाभार्थ्यांची यादी वाचली जाणार अशी वार्ता होती. पहिल्या रांगेत धर्मेंद्रभाऊ, शेवटच्या रांगेत इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात महागू.

साहेबांनी तक्ता टांगला. प्रास्ताविक केले, पद्धती सांगितली, चौदापैकी चौदा हा आकडा सांगितला. टाळ्या पडल्या. तेवढ्यावर थांबता आले असते. ते पाणी प्यायले, त्यांनी चष्मा पुसला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

“प्रपत्र क्रमांक दोनशे अकरा,” ते मोजणीच्या आवाजात वाचू लागले. “आवेदक महागू बहेकार, राजेगाव. वय सत्तर. घर कौलारू. वाहन सायकल. आर्थिक स्थितीचे कारण: लहान भाऊ कॉलेजात गेला.”

सभागृहात कुजबुज झाली. आडनाव सर्वांनी ऐकले होते. धर्मेंद्रभाऊ खुर्चीत पुढे सरकले. “साहेब, हा लहान भाऊ कोण?”

“मी.”

“म्हणजे बघा! मी काय म्हणत होतो?” धर्मेंद्रभाऊ उठूनच उभे राहिले. “नसीब! नंतर जन्मले म्हणून तुम्ही साहेब झाले. पहिले जन्मले असते तर नांगर धरला असता.”

“नाही,” बहेकार साहेब म्हणाले. “नशीब म्हणता येणार नाही. आम्ही दोघे एकाच वर्षी मॅट्रिक झालो. दादा तापाने एक वर्ष मागे पडला होता. त्याचे गुण माझ्याहून नऊने जास्त होते. तंत्रनिकेतनात दोघांचाही नंबर लागला होता. एकाला शेतावर ठेवणे भाग होते. घरात बसून ते ठरवले गेले. आई, बाबा, दादा आणि मी.” त्यांनी कागदाची घडी घातली, ती नीट बसली नाही, म्हणून पुन्हा घातली. “त्या बैठकीत मला विचारले होते की दादाला जाऊ द्यायचे का. मी काहीच बोललो नव्हतो.”

प्रमोदिनीबाई, ज्यांनी चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे कधी ऐकले नव्हते, नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

महागू शेवटच्या रांगेतून उठला, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढीत पुढे आला आणि टेबलावर पावती ठेवली.

“घे. आता लिव त्यात, बरोबर हाय म्हनून.” मग खाली वाकून, फक्त धाकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “नऊ नाई गा, अकरा व्हते.”